समुद्र घरात आणण्याआधी



गेल्या काही वर्षांत आपल्या समाजातल्या बऱ्याच घरांत दिवाणखान्याच्या कोपऱ्यात फिश टँक दिसू लागला आहे. कोणी वास्तूसाठी ठेवतं, कोणी सजावट म्हणून, कोणी मुलांच्या हट्टापायी. आता त्याच्याही पुढची मागणी सुरू झाली आहे. कॉलेजात जाणाऱ्या मुलांना साधा गोल्डफिश पुरत नाही. ती मोबाईलवर खाऱ्या पाण्याचे टँक बघतात. त्यातही सगळ्यात कठीण म्हणून ज्याचं कौतुक होतं, तो थंड समुद्राचा टँक त्यांना घरात हवा असतो. मग खर्चाची गोष्ट बाबांकडे जाते आणि परवानगीची आपल्याकडे येते.

माझं मत आधीच सांगून टाकते. नागपुरातल्या जैन घरात थंड समुद्राचा टँक लावू नये. पण हे मत मुलांना "पाप लागतं" एवढ्या दोन शब्दांत सांगूही नये. तेवढ्याने त्यांचं समाधान होत नाही, आणि व्हायलाही नको. त्यांच्यासोबत बसून तो टँक कसा बांधतात, पाणी कुठून कुठे जातं, कशाने थंड होतं, कशाने स्वच्छ होतं, हे एकेका पाइपाने समजून घ्यावं. मी तसंच केलं. उत्तर त्या पाइपांमध्येच मिळतं.

आधी थंड समुद्र म्हणजे काय ते बघू. आपल्या कोकणचा समुद्र उबदार आहे. वरच्या पाण्याचं तापमान वर्षभर साधारण २५ ते ३० अंशांच्या आसपास राहतं. मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर १९५१ साली सुरू झालेलं तारापोरवाला मत्स्यालय आपल्यापैकी अनेकींनी लहानपणी सुट्टीत पाहिलं असेल. तिथले रंगीत समुद्री मासेही ऊबदार पाण्यातलेच. थंड समुद्र म्हणजे कॅलिफोर्नियाचा, इंग्लंडचा, उत्तर जपानचा किनारा. तिथल्या जिवांना १० ते १६ अंशांचं पाणी लागतं. म्हणजे टँकमध्ये जो जीव येणार, तो परदेशातून, पिशवीतल्या थंड पाण्यात, विमानाने येणार. आपल्या जवळच्या कुठल्याही समुद्रात तो राहत नाही. शिवाय यातले बहुतेक जीव कोणी घरी वाढवलेले नसतात, थेट समुद्रातून पकडलेले असतात.

कॅटलायना गोबी नावाचा एक लहानसा मासा आहे. बोटाच्या दोन पेरांएवढा, लाल-केशरी अंगावर निळे पट्टे. तो कॅलिफोर्नियाच्या थंड पाण्यातला आहे, पण दिसायला इतका गोड की कित्येकदा उबदार टँकसाठीही विकला जातो. तिथे तो फार जगत नाही. ऊबदार पाण्यात त्याचं शरीर घाईने चालतं आणि लवकर संपतं. घेणाऱ्याला वाटतं, मासा नाजूक होता. मासा नाजूक नव्हता, त्याला त्याचं पाणी मिळालं नव्हतं.

माझ्या धाकट्या दिरांचा मुलगा इंजिनिअरिंगला आहे, मला मोठी आई म्हणतो. त्याने पूर्ण नकाशा काढून दाखवला आणि मुलगा हुशार असल्यामुळे नकाशा चांगला होता. तो असा.

वर मुख्य टाकी. चार फूट लांब, दीड फूट रुंद, पावणेदोन फूट उंच. म्हणजे साधारण ३०० लिटर पाणी. खाली कपाटात दुसरी टाकी, १०० लिटरची, तिला सम्प म्हणतात. वरच्या टाकीच्या मागच्या काचेला भोक पाडून टँक निपल बसवायचं. पाणी त्या उंचीला आलं की आपोआप पाइपातून खाली उतरतं. खाली आधी कापडी पिशवीतून गाळलं जातं. मग स्किमर नावाच्या उभ्या नळीत हवेचे बारीक बुडबुडे सोडतात. त्या बुडबुड्यांना पाण्यातली घाण चिकटून फेस वर येतो, तो वेगळा काढतात. त्यानंतर सच्छिद्र दगड, ज्यांच्यावर उपयोगी जिवाणू वाढतात. शेवटी पंप. पंप ते पाणी चिलरमधून म्हणजे थंड करणाऱ्या यंत्रातून वर परत पाठवतो. असं हे चक्र चोवीस तास चालू राहतं.

या जोडणीत काही गोष्टी कटाक्षाने पाळाव्या लागतात. पितळी कॉक, तांब्याची नळी, लोखंडी पाइप कुठेही चालत नाही. मीठ लोखंड खातं, आणि तांब्याचा अंश पाण्यात उतरला तर झिंगे, समुद्रफूल असे बिनकण्याचे जीव मरतात. सगळं पीव्हीसी लागतं. पंपाच्या आणि चिलरच्या दोन्ही बाजूंना व्हॉल्व्ह आणि युनियन हवं, म्हणजे टाकी रिकामी न करता यंत्र काढता येतं. वीज गेली की पंप बंद पडतो आणि वरचं पाणी परतीच्या पाइपातूनच उलटं खाली ओढलं जातं. ते थांबवायला परतीच्या पाइपाला पाण्याच्या पातळीजवळ एक बारीक छिद्र ठेवतात, म्हणजे हवा शिरून ओढ तुटते. आणि तरीही जेवढं पाणी खाली येईल, तेवढी जागा सम्पमध्ये कायम रिकामी ठेवावी लागते. ती ठेवली नाही तर वीज गेली की दिवाणखान्यात खारं पाणी. नळजोडणी झाल्यावर दोन-तीन दिवस साधं पाणी फिरवून एकेक सांधा कोरड्या हाताने तपासायचा.

वजनाचंही बघा. पाणी, काच, दगड, स्टँड मिळून अर्ध्या टनाच्या आसपास भार होतो. म्हणजे तो टँक जुन्या वाड्याच्या माडीवर किंवा फ्लॅटच्या गॅलरीत ठेवायची गोष्टच नाही.

इथपर्यंत काही अशक्य नाही. आपला नेहमीचा प्लंबर आणि एक हुशार मुलगा मिळून हे करू शकतात. खरा प्रश्न पुढे येतो, आणि तो नागपूरचा आहे.

आपल्या उन्हाळ्याबद्दल तुम्हाला काय सांगावं! मे महिन्यात ४५ अंश आपल्याला नवीन नाही. २०१३ च्या मे महिन्यात तर पारा ४७.९ वर गेला होता. कूलर लावलेल्या खोलीतही दुपारी ३५-३८ अंश असतात. त्या खोलीत १४ अंशांचं पाणी ठेवायचं म्हणजे काचेच्या आत-बाहेर २४ अंशांचा फरक. एवढ्या आकाराच्या टाकीच्या काचेतून, झाकणातून आणि पंपाच्या गरमीने सतत अंदाजे ४०० ते ५०० वॅट उष्णता पाण्यात शिरत राहते. तेवढी सतत बाहेर काढायची. आणि चिलर ती उष्णता काही नाहीशी करत नाही, मागच्या बाजूने खोलीतच फेकतो. म्हणजे मासा थंड आणि घरातली माणसं आणखी गरम. चिलर बाहेर गॅलरीत ठेवला तर तिथे ऊन. चिलर, पंप, स्किमर, दिवा मिळून उन्हाळ्यात दिवसाला आठ-नऊ युनिट सहज लागतात. महिन्याचे अडीचशेच्या वर. कित्येक लहान कुटुंबांचं सगळं घर तेवढ्या विजेत चालतं.

पैशांचं एक वेळ सोडा. वीज गेल्यावर काय? उन्हाळ्यात भर दुपारी ट्रान्सफॉर्मर बसला, रात्री वादळाने तार तुटली, हे आपल्याकडे दर वर्षी होतं. पंप थांबला की ३०० लिटर पाणी तासाला साधारण एक अंशाने तापायला लागतं. घरच्या इन्व्हर्टरची एक १५० अँपिअर-तासांची बॅटरी चिलर आणि पंप मिळून चारेक तासांच्या वर ओढू शकत नाही, आणि तेही घरातले पंखे बंद ठेवले तर. सहा-आठ तास वीज आली नाही की पाणी विशीच्या पुढे जातं. पाणी तापलं की त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो आणि त्याच वेळी माशाच्या शरीराला प्राणवायू जास्त लागतो. पाणी फिरणं थांबलेलं असतं ते वेगळंच. दगडांवरचे जिवाणूही गुदमरायला लागतात आणि पाणी सडायला सुरुवात होते. आपल्याला उकडलं तर आपण अंगणात येतो, ओला टॉवेल डोक्यावर घेतो, शेजारी जातो. तो जीव काचेला टेकून राहतो.

पावसाळ्यात दुसरीच तऱ्हा. जुलैत हवेत इतकी आर्द्रता असते की थंड काचेवर बाहेरून घाम फुटतो, जसा फ्रीजमधल्या तांब्याला फुटतो तसा. फरक एवढाच की तांब्या पाच मिनिटांनी आत जातो आणि टाकी चार महिने तशीच राहते. पाणी ओघळून लाकडी कपाट फुगतं, भिंतीला बुरशी येते, विजेच्या बोर्डाजवळ ओल जाते. त्यासाठी दुहेरी काच किंवा जाड अॅक्रिलिकची टाकी लागते. म्हणजे पुन्हा खर्च आणि पुन्हा वजन.

आता पाण्याकडे येऊ, कारण पाण्याच्या बाबतीत आपलं घराणं वेगळं आहे.

समुद्र आपल्यापासून समृद्धी महामार्गाने ७०१ किलोमीटर. तिथून पाणी आणणं शक्य नाही. म्हणून नळाच्या पाण्यातला क्लोरीन आणि क्षार काढून, त्यात लिटरला ३५ ग्रॅम या हिशोबाने समुद्री मीठ मिसळतात. ४०० लिटरला १४ किलो. आठवड्याला दहा टक्के पाणी बदललं तरी ४० लिटर नवं पाणी आणि जवळपास दीड किलो मीठ. आरओच्या यंत्रातून ४० लिटर शुद्ध पाणी काढताना साधारण त्याच्या दुप्पट-तिप्पट पाणी वाया जातं. जे जुनं खारं पाणी निघतं ते झाडांना घालता येत नाही, भांड्यांना वापरता येत नाही. ते मोरीतच जाणार. पेंच आणि कन्हानच्या पाण्यावर आपलं शहर जगतं. २०१९ च्या जुलैत एक दिवसाआड पाणी आलं होतं, ते दिवस आपण विसरलेलो नाही.

पण त्याहून मोठी गोष्ट गाळण्याची आहे. पाणी गाळणं आपल्याकडे फक्त आरोग्यासाठी नसतं. दुपदरी गाळण्यातून पाणी गाळायचं, आणि गाळण्यात राहिलेले जीव, ज्याला आपण जिवाणी म्हणतो, ते गाळलेल्या पाण्याने अलगद धुऊन ज्या विहिरीचं पाणी त्याच विहिरीत परत सोडायचे. आपल्या आजी-पणज्यांनी हे हाताने केलं. पाणी आपल्याला हवं होतं, त्यातले जीव नको होते, पण त्यांचं घर त्यांना परत मिळालं पाहिजे, एवढी साधी समजूत त्यात होती. आज नळाच्या पाण्यात तसं परत सोडणं आपल्याला जमत नाही, तरी समजूत अजून आपल्या हातात आहे.

टँकचा फिल्टर याच्या अगदी उलट चालतो. पिशवीत अडकलेले बारीक जीव नळाखाली धुतले जातात आणि मोरीत जातात. पंपाच्या पात्यात, स्किमरच्या फेसात समुद्री पाण्यातले डोळ्यांना न दिसणारे कितीतरी जीव रोज संपतात. एक मासा जगवायला एवढे जीव रोज मोजल्याशिवाय जातात, आणि त्याचा हिशोब कोणी ठेवत नाही.

कॅलिफोर्नियात मुलगी-जावयाकडे गेलेल्या आपल्या काही मैत्रिणींनी माँटेरेचं मत्स्यालय पाहिलं असेल. १९८४ साली सुरू झालेलं हे मत्स्यालय थंड समुद्राच्या अगदी काठावर आहे. त्यातली एक टाकी २८ फूट उंच आहे, आणि तिच्यात समुद्री शेवाळाचं खरं जंगल उभं आहे. तिथे खाडीतलं पाणी सतत आत येतं आणि परत जातं. दिवसा लोकांना नीट दिसावं म्हणून ते गाळून घेतात. रात्री मात्र न गाळता आत सोडतात, म्हणजे समुद्रातली बारीक जीवसृष्टी पाण्यासोबत आत येते आणि टाकीतल्या जिवांना मिळते. ते बांधणाऱ्यांनी जीवदयेचं व्रत घेऊन बांधलेलं नाही. पण थंड समुद्राचा टँक बरा चालवायचा तर समुद्र शेजारी लागतो, हे त्यांना कळलं. आपण झिरो माइलच्या गावात बसून तो मिठाच्या पोत्यातून आणि विजेच्या वायरीतून आणायला निघालो आहोत.

आता ती गोष्ट, जी दुकानदार शेवटी सांगतो आणि मुलं सांगतच नाहीत. हे जीव खातात काय?

गोल्डफिशला दाणे टाकले की झालं, असं इथे नाही. थंड समुद्रातले बहुतेक मासे, समुद्रफूल, तारामासा हे सगळे मांसाहारी. त्यांना गोठवलेले बारीक झिंगे, क्रिल, माकुळाचे तुकडे लागतात. ते फ्रीजरमध्ये ठेवावे लागतात. आपल्या फ्रीजरमध्ये. ज्या घरात अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी चिरत नाहीत, कांदा-बटाटा दाराच्या आत येत नाही, त्या घरात संध्याकाळी चिमट्याने कोळंबीचा तुकडा काचेत सोडायचा! मग आपण म्हणणार, आम्ही थोडंच खाल्लं? पण कृत, कारित, अनुमोदित हे तीन शब्द आपण पाठशाळेत शिकलो ते कशासाठी? स्वतः मारलं नाही, तरी आपल्या हौसेसाठी दर आठवड्याला कोणीतरी ते पकडलं, कोणीतरी गोठवलं, आणि आपण पैसे मोजले.

काही म्हणतील, मग त्याला कणकेच्या गोळ्या घालू. असं अजिबात करू नका. मांसाहारी जिवाला आपला आहार लादणं म्हणजे त्याला उपाशी मारणं. अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांमध्ये अन्नपाननिरोध आहे. जिवाला त्याचं अन्नपाणी न देणं हा दोष आहे. त्याच यादीत सगळ्यात आधी बंध येतो, जिवाला बांधून, कोंडून ठेवणं. म्हणजे या टँकमध्ये आपण दोन्हीकडून सापडतो. खायला घालावं तर दुसऱ्या जिवाची हिंसा, न घालावं तर याच जिवाची. अशा ठिकाणी वाट शोधायची नसते, तिथे पाऊलच टाकायचं नसतं. म्हणूनच आपल्या श्रावकाचारात मांजरासारखे शिकारी जीव हौसेने पाळणं योग्य मानलेलं नाही. मांजर वाईट म्हणून नव्हे. ज्याच्या पोटाला दुसऱ्याचा जीव लागतो, त्याला आपण आपल्या सुखासाठी घरात आणलं की तो जीव आपल्या नावावर चढतो म्हणून.

पुतण्याने यावर मला विचारलं, "मोठी आई, गाय बांधलेली चालते, मग मासा का नाही?" प्रश्न बरोबर आहे आणि तो झटकून टाकू नये. गायीला दावं आहेच, आणि आजकाल तरुण मुलं दुधाबद्दलही विचारतात, तेही ऐकलं पाहिजे. पण गाय आपल्या हवेत जन्मते, आपल्या शेतातला चारा खाते, दुखलं तर हंबरते, आणि गोठ्यातून सुटली तर जगते. थंड समुद्राचा मासा आपल्या हवेत एक दिवस जगू शकत नाही. त्याचा श्वास आपल्या वीजबिलाला बांधलेला असतो. आवाज त्याला नाही. काचेतून तो बरा दिसतो की आजारी, हे शिकलेल्या डोळ्यालाच कळतं.

दुसरं म्हणणं असं की मुलं यातून शिकतात. शिकतात, हे मी मान्य करते. रसायनशास्त्र, वीज, नळजोडणी, जिवाणूंचं चक्र, सगळं. माशाच्या विष्ठेतून अमोनिया होतो, एका प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट करतात. नवीन टाकीत हे चक्र बसायला महिना-दोन महिने जातात, थंड पाण्यात आणखी जास्त. त्याआधी मासा टाकला तर तो स्वतःच्याच मुतात भाजून मरतो. हे सगळं शिकण्यासारखं आहे. पण पहिल्या टँकमध्ये बहुतेकांच्या हातून काही ना काही जातं, आणि त्या शिकण्याची फी मासा भरतो. पाच इंद्रियांचा जीव हा मुलाच्या सरावाची वही नव्हे.

तिसरं म्हणणं, "आपण नाही घेतला तर दुसरा कोणी घेईल." घेईल कदाचित. म्हणून आपण घ्यावा असं होत नाही. हाच हिशोब लावला असता तर रात्रीभोजन सोडून देणारी एकही आजी आपल्या घरात झाली नसती.

आणि मैत्रिणींनो, एक गोष्ट आपल्याआपल्यात. हौस मुलाची, खर्च वडिलांचा, आणि रोजचं काम कोणाचं? मुलगा पुण्याला नोकरीला गेला की रोज सकाळी तापमान बघणं, उडालेलं पाणी भरणं, फेसाचा कप धुणं, आठवड्याला ४० लिटर पाणी बदलणं, लग्नाला चार दिवस गावाला जायचं तर कोणाला तरी किल्ली देऊन जाणं, हे कोणाच्या वाट्याला येणार ते तुम्हाला ठाऊक आहे. दशलक्षणात, उपवासात, मंदिरात जायच्या आधी फ्रीजर उघडून ते पाकीट काढणं कोणाच्या हाताला येणार, तेही ठाऊक आहे. म्हणून परवानगी देताना हे तुमच्यासाठीही विचारा. विचारणं म्हणजे घरात भांडण करणं नव्हे.

ज्यांच्या घरी आधीच टँक आहे, गोड्या पाण्याचा असो की खाऱ्या, त्यांनी हे वाचून लगेच तो रिकामा करू नये. आपल्याकडे जीव सोडवण्याची परंपरा आहे, अभयदानाची. मन मोठं असतं, पण टँकमधला मासा फुटाळ्यात किंवा अंबाझरीत सोडणं हे अभयदान नव्हे. समुद्री मासा गोड्या पाण्यात थोड्याच वेळात मरतो. गोड्या पाण्यातला परदेशी मासा जगला तर तळ्यातल्या बाकीच्यांच्या जिवावर उठतो. काच साफ करतो म्हणून आणलेला सकर मासा असाच सोडून सोडून देशातल्या कितीतरी तलावांत पसरला आहे. बाजारातून मासे विकत घेऊन सोडणं हेही तपासून बघा, कारण आपण घेतले की दुकानदार आणखी मागवतो. जो जीव घरात आहे, त्याला त्याच्या आयुष्याभर नीट सांभाळा, पाणी वेळेवर बदला, आणि तो गेला की त्या जागी नवा आणू नका. टँक हळूहळू रिकामा होऊ द्या. मला वाटतं घरात जीवदया सुरू करायची यापेक्षा सोपी वाट नाही.

खाऱ्या पाण्याचा टँक असेल तर आणखी एक बघा. प्रवाळ आणि समुद्री घोडा हे जीव २००१ साली वन्यजीव संरक्षण कायद्याच्या यादीत आले आहेत. आपल्या समुद्रातले पकडणं, विकणं, ठेवणं हा गुन्हा आहे. दुकानात कोणी जिवंत प्रवाळ दाखवलं तर हौसेने हात पुढे करण्याआधी एवढं लक्षात ठेवा.

मग मुलांना समुद्र दाखवायचाच नाही का? दाखवायचा, आणि तो जिथे आहे तिथे दाखवायचा. मुंबईत २०१७ पासून मरीन लाइफ ऑफ मुंबई या नावाने काही अभ्यासू मंडळी ओहोटीच्या वेळी लोकांना किनाऱ्यावर फिरवून आणतात. हाजीअली, गिरगाव, जुहू अशा गर्दीच्या जागी खडकांच्या डबक्यांत समुद्रफूल, खेकडे, गोगलगायी, कधी कधी ऑक्टोपससुद्धा दिसतो. पाय जपून ठेवायचा, काही उचलायचं नाही, दगड उलटवायचा नाही. भरती आली की आपण घरी, जीव त्यांच्या घरी. सिंधुदुर्गात मालवणला १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, तिकडेही एका दिवाळीत जाता येईल. चिलरच्या पैशांत घरातल्या सगळ्यांची सहल होते आणि पैसे उरतात.

आणि ज्या मुलाचे हात पाइप जोडायला शिवशिवतात, त्याला काम द्यायला आपल्या घरात काय कमी आहे? गच्चीवरचं पावसाचं पाणी उतरवून, गाळून, विहिरीत किंवा बोअरमध्ये सोडण्याची जोडणी करायला सांगा. तेच पाइप, तेच व्हॉल्व्ह, तीच गाळणी. आपल्या समाजातल्या कितीतरी घरांच्या मागे अजून जुन्या विहिरी आहेत, कचरा पडलेल्या, झाकलेल्या. मंदिराच्या आवारातलीही एखादी असेल. तिचं पाणी पुन्हा वापरात आलं तर जिवाणी परत सोडायलाही जागा मिळेल. हे काम त्या टँकइतकंच कठीण आहे, आणि त्यात कोणाला कोंडावं लागत नाही.

दिल्लीत चांदनी चौकात लाल मंदिराच्या आवारात आपलं पक्ष्यांचं धर्मादाय रुग्णालय आहे, बऱ्याच जणींनी यात्रेत पाहिलं असेल. तिथे जखमी पक्षी फुकट बरे करतात, आणि बरा झालेला पक्षी पिंजऱ्यात परत देत नाहीत, आकाशात सोडतात. जीव आपल्या हातात येणं आणि जीव आपला होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घरातल्या मुलांना एवढा फरक कळला, तर त्यांना मासा आवडतो यात काहीच वाईट नाही. उलट आवडतो म्हणूनच त्यांनी तो त्याच्या थंड पाण्यात राहू द्यावा.

तुमच्या घरी काय ठरलं, ते नक्की कळवा.

जय जिनेंद्र.